यंत्राला काय माहीत

गोदावरीला समुद्र जवळ होता. ब्रह्मगिरीवर ती उगम पावते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर. घाट उतरला की झालं. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतली वैतरणा तशी उतरली आणि समुद्राला मिळून मोकळी झाली. गोदा मात्र पूर्वेला वळली आणि साडेचौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरापाशी पोचली. पठाराचा उतारच तिकडे, त्याला ती बिचारी काय करणार! पण तिच्या काठावर राहणाऱ्या आम्हा नाशिककरांच्या अंगातही समुद्राकडे पाठ फिरवायची सवय मुरली असावी. समुद्र म्हणजे कसारा घाटाच्या पलीकडचा, मुंबईवाल्यांचा. लहानपणी समुद्रातले मासे पाहिले ते शाळेच्या सहलीत, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं ते मत्स्यालय, आत काळोख, काचेआड उजेड, आणि मागून बाईंचा धोशा, "चला, पुढे चला." त्या गडबडीत काहीतरी पाहायचं राहून गेलं असणार. नाहीतर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर, गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये, अडीचशे लिटर समुद्र दिवाणखान्यात आणून ठेवण्याचं दुसरं कारण मला सापडत नाही.

माझ्या सासूबाई रत्नागिरीच्या. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा टाकीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मासे पाहिले, दगडांवर डुलणारे प्रवाळ पाहिले, खालच्या कपाटातल्या वायरी पाहिल्या. मग म्हणाल्या, "समुद्राला भरती असते, ओहोटी असते. तुझ्या समुद्राला नुसता बझर."

खरं होतं. त्या बझरची आणि वायरींची ही हकिकत.

टाकीत काय आहे ते आधी सांगते. दगडासारखा सांगाडा बांधणारे प्रवाळ माझ्याकडे नाहीत. ते आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. आपल्या समुद्रातून तसा तुकडा उचलणं हा गुन्हा, आणि तो गुन्हा असावा हेच बरोबर. माझ्याकडे आहेत ते मऊ प्रवाळ: बटणांच्या झुपक्यासारखे झोअँथिड, चामड्यासारखा जाड एक 'लेदर', अळंबीच्या छत्रीसारखे चपटे 'मशरूम'. सोबत क्लाउनफिशची जोडी, समुद्रातून धरलेली नव्हे, टाकीतच पैदास झालेली. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, आणि दगडांवर आपणहून पसरलेलं गुलाबी-जांभळं चुनेरी शैवाल. एवढाच बारदाना.

या मंडळींना हवं तरी काय? पाहायला गेलं तर फार थोडं. काल जसा गेला तसाच आज जावा. पाणी २५-२६ अंशांवर असावं. किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असावेत. कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या जरा वर, मॅग्नेशियम त्याच्या साधारण तिप्पट. सकाळी उजेड, रात्री अंधार, आणि पाणी सतत हलतं. समुद्राला हे सांभाळायला काहीच करावं लागत नाही, कारण तो अवाढव्य आहे. दुपारभराच्या उन्हाने त्याचं काय बिघडणार? चार फुटी टाकीचं मात्र दुपारभरात बिघडतं. आणि नाशिकची हवा दोन्ही टोकांची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी, टाकीतलं पाणी दिवसाला चार-पाच लिटर उडून जातं. मीठ उडत नाही, ते मागे राहतं आणि समुद्र खारट होत जातो. जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांखाली घसरतो, शेतकरी द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवतात. तेव्हा याच टाकीला हीटर लागतो. थोडक्यात, अडीचशे लिटर पाण्याला दिवसरात्र राखण हवी. ती कोण करणार?

परदेशात या कामासाठी तयार कंट्रोलर मिळतात. किंमत रुपयांत करून पाहिली की घरात सांगायची हिंमत होत नाही. दुसरी वाट स्वतः जोडण्याची. रणजीब डे या अभियंत्याने 'रीफ-पाय' नावाची प्रणाली तयार करून सगळ्यांसाठी मोफत खुली ठेवली आहे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्यायचा, त्यावर ती चढवायची, आणि तापमान, दिवे, पाण्याची पातळी सगळं त्याच्या हवाली करायचं. मीही त्याच वाटेने निघाले होते. पण नाशकात राहिल्याने वाट जरा वाकडी झाली. माझ्या ध्यानात आलं की टाकीला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू या गावात मिळते, फक्त ती दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच दुकानात, दुसऱ्याच कामासाठी विकली जाते.

सुरुवात झाली रिफ्रॅक्टोमीटरपासून. पाण्याचा खारेपणा मोजायला हे दुर्बिणीसारखं उपकरण लागतं. दिंडोरी रोडला मार्केट यार्डाच्या बाजूला शेतीसाहित्याच्या एका दुकानात विचारलं, तर दुकानदाराने लगेच काढून काउंटरवर ठेवलं.

"कोणती बाग, ताई? थॉमसन?"

"प्रवाळ," मी म्हटलं.

"नवीन व्हरायटी का?"

द्राक्षवाल्यांच्या घरात हे असतंच. मणी चिरडून रसाचा थेंब काचेवर टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरचा आकडा म्हणजे ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर. सोळा-अठरा झाली की तोडणीची बोलणी सुरू. त्या काचेवर मी टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकला, तर उत्तर आलं साडेचारच्या आसपास. म्हणजे या यंत्राच्या मते माझ्या समुद्रात साडेचार टक्के साखर होती! त्याची चूक नव्हती. ते साखर मोजतच नाही. पाण्यात काहीही विरघळलं की प्रकाश जरा जास्त वाकतो, तेवढं वाकणं ते मोजतं. साखर हा शब्द पट्टी छापणाऱ्याने दिलेला. पुढे मी मिठाची पट्टी असलेलं घेतलं, कारण ब्रिक्सच्या दोन रेघांमध्ये किलोमागे दीडेक ग्रॅम मीठ सहज लपून जातं आणि प्रवाळांना तेवढा फरकही जाणवतो. पण यंत्र तेच, पट्टी निराळी.

हे मी खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं तेव्हा ते हसले. काका सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, उभी हयात मेंटेनन्समध्ये गेली. म्हणाले, "यंत्राला काय माहीत गं, समोर काय आहे ते! त्याला माहीत असतं तर भंगार बाजार बसला असता."

अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार नाशिककरांना सांगायला नको. २०१७ मध्ये महापालिकेने तिथे बुलडोझर फिरवले, तरी तो पुन्हा उगवला. दोन औद्योगिक वसाहतींच्या मधली ती जागा. एकीकडचा कारखाना टाकतो ते दुसरीकडचं वर्कशॉप उचलतं. काका मला तिथे घेऊन गेले आणि एका बंद पडलेल्या पॅकिंग मशीनचं पॅनेल शोधून काढलं. त्यात एक पीएलसी, म्हणजे यंत्रांना हुकूम देणारा कारखान्यातला छोटा संगणक, होता, २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय होता, रिले, टायमर, टर्मिनल पट्ट्या, सगळं जागच्या जागी. वजनावर भाव झाला. समुद्र सांभाळणारा मेंदू मी किलोच्या दराने घेतला.

पीएलसीची जन्मकथा मला आवडते. साठच्या दशकात अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत यंत्रं चालायची ती भिंतभर लावलेल्या रिलेंवर. गाडीचं मॉडेल बदललं की भिंत उसकटून नव्याने वायरिंग. १९६८ मध्ये डिक मॉर्ले यांनी त्यावर तोडगा काढला आणि त्यांच्या चमूने 'मॉडिकॉन ०८४' बनवला. भिंत जागच्या जागी ठेवायची, बदलायचा तो फक्त आत लिहिलेला कार्यक्रम. शहाणपण पुढेच आहे. तो कार्यक्रम लिहायची पद्धत त्यांनी वायरमनच्या नकाशासारखी ठेवली, दोन उभ्या रेघा आणि मध्ये शिडीच्या पायऱ्या. त्यामुळे कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला नवी भाषा शिकावी लागली नाही. काकाही असंच शिकले. आजही ते संगणकावर शिडी काढतात तेव्हा बोटाने हवेत आधी वायर ओढून पाहतात.

पॅनेलवर मूळ कारखान्याच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या: 'कन्व्हेयर', 'कटर', 'सीलिंग हीटर', 'पाउच नाही'. काकांनी त्या काढू दिल्या नाहीत. "चिठ्ठी काढली की वायर हरवते." त्यामुळे आमच्याकडे लाटा करणारा पंप म्हणजे कन्व्हेयर. पाण्यावर वारा घालून ते गार करणारे, जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेले पंखे म्हणजे कटर. सीलिंग हीटर तेवढा खरोखरच हीटर आहे. आणि वरून भरायचं गोडं पाणी कमी झालं की लाल दिवा लागतो, 'पाउच नाही'. घरी आलेल्या पाहुण्यांना हे कळत नाही. मी स्वयंपाकघरातून ओरडते, "कटर चालू आहे का बघा," आणि ते दचकून माशांकडे पाहतात.

दिव्यांचं काम निघालं तेव्हा काकांना एकदम तरुणपण आठवलं. जुन्या नाशकात त्यांच्या मंडळाचा गणपती हलत्या देखाव्यासाठी ओळखला जायचा, आणि विजेचं खातं त्यांच्याकडे. मोटर एक लाकडी रूळ हळूहळू फिरवायची, रुळावर पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, त्यांना वरून तांब्याची पाती घासत जायची. पट्टी आली की दिवा लागे, संपली की विझे. पट्टी लांब तर उजेड लांब. अख्खा लंकादहनाचा कार्यक्रम त्या रुळावर ठोकून बसवलेला असे. आणि सूर्योदय दाखवायचा तर चिनी मातीच्या बरणीत मिठाचं पाणी घ्यायचं, तळाला एक पत्रा, दुसरा पत्रा दोरीने वरून हळूहळू खाली सोडायचा. पत्रे जवळ येत तसतसा वीज जायचा मार्ग सोपा होई आणि पडद्यामागचा सूर्य उजळत जाई. रंगभूमीवरही असे मिठाच्या पाण्याचे डिमर एके काळी वापरले जात. जीवघेणा प्रकार, आज कोणी करू नये.

"तेव्हा मिठाच्या पाण्याने सूर्य उगवायचो," काका म्हणाले, "आता मिठाच्या पाण्यासाठी उगवायचा."

आमचा सूर्यही मांडवातूनच आला. लग्न-गणपतीच्या सजावटीत भिंती रंगवणारे एलईडीचे गोल दिवे असतात, लाल, हिरवा, निळा वेगवेगळा कमी-जास्त करता येणारे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. समुद्रात खोल जावं तसा लाल रंग आधी नाहीसा होतो, निळा सर्वांत खोल पोचतो. त्या शैवालाची भूक निळ्याची. वरातीतल्या दिव्याचा निळा त्याला मानवला. सोबत एक पांढरा दिवा आहे. सकाळी दोघे तासाभरात चढतात, संध्याकाळी उतरतात. लंकादहन वगळलंय.

तापमान सांभाळायला जे यंत्र आलं ते अंडी उबवणाऱ्यांच्या बाजारातून. कुक्कुटपालनवाले ३७.५ अंशांवर लावतात ते छोटं थर्मोस्टॅट, आकडा बदलला की पिलांऐवजी प्रवाळ सांभाळतं. याला मोठी परंपरा आहे, हे मागाहून कळलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच किमयागाराने आपोआप ऊब राखणारी भट्टी केली. नळीतला द्रव तापून फुगला की पारा वर चढे, पारा एक दांडा ढकली, दांडा भट्टीची हवा कमी करी. ती त्याने कोंबडीची अंडी उबवायला वापरली. जगातल्या पहिल्यावहिल्या थर्मोस्टॅटांपैकी एक, आणि तोही कोंबडीच्या नोकरीत!

कॅल्शियम आणि अल्कलीचं द्रावण थेंबाथेंबाने सोडणारा पंप हॉटेलच्या भांडी धुण्याच्या यंत्रातून निघालेला आहे. तिथे तो साबण सोडायचा. आत एक लवचीक नळी आणि तिला दाबत फिरणारे रूळ, बस. अशाच रूळपंपावर मायकेल डीबेकी यांनी १९३०च्या दशकात रक्त देण्यासाठी काम केलं. पुढे हाच प्रकार हृदय-फुप्फुस यंत्रात गेला, डायलिसिसमध्ये गेला. द्रव फक्त नळीला शिवतो, पंपाला नाही. त्यामुळे नळी बदलली की पंपाचा भूतकाळ पुसला जातो. कालचा साबण आज समुद्र. द्रावणासाठी लागणारे क्षार मात्र शेतीच्या दुकानातले घेत नाही. द्राक्षवाले तेच कॅल्शियम, तेच मॅग्नेशियम ठिबकातून सोडतात, पण शेतीच्या प्रतीच्या मालात आणखी काय काय असेल याची हमी नसते. वेलाला चालतं, गोगलगायीला चालत नाही. यंत्र उसनं चालतं, मीठ नाही.

या सगळ्यात माझं सर्वांत लाडकं आहे ते शेतपंपाचं मोबाइल-यंत्र. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. मोटर विहिरीवर, विहीर शिवारात, वाटेत अंधार आणि सापकिरडू. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी यावर 'नॅनो गणेश' बनवला. मोबाइल पंपाला जोडायचा आणि घरून फोन करून वीज आहे का, मोटर सुरू आहे का, हे विचारायचं, चालू-बंद करायचं. बोलण्यासाठी केलेलं यंत्र शेतकऱ्यांनी बटण म्हणून वापरलं. तशी यंत्रं आता तालुक्याच्या बाजारात मिळतात. काकांनी तसलंच एक माझ्या टाकीला जोडलं. घरातली वीज गेली, इन्व्हर्टरही दमला, की ते मला फोन करतं आणि खणखणीत मराठीत सांगतं, "तुमची शेतातली मोटर बंद झाली आहे." ऑफिसात बसून मी ते ऐकते. शेत नाही, मोटर नाही, तरी निरोप अगदी खरा असतो: पाणी थांबलंय, थोड्या वेळात माशांना प्राणवायू कमी पडेल.

इथवर वाचून कोणाला वाटेल की उसन्या यंत्रांचं सगळं छानच. नाही. पट्टी बदलली, चिठ्ठी तीच राहिली, तरी काम चालतं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने ते बुडतंही. यंत्राला काय माहीत! समोर साखर आहे की मीठ, पाउच आहे की प्रवाळ, हे त्याला कळत नाही, म्हणून ते कुठेही लावता येतं. आणि समोर मरण उभं आहे हेही त्याला कळत नाही.

त्याची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिचा धागा नाशिकच्या शेजारच्या खानदेशापर्यंत जातो. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ चालवला. तिथला शिलालेख त्या घराण्याची आठवण सांगतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा फारसी अनुवाद अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केला, आणि त्यात ती प्रसिद्ध आख्यायिका येते. भास्कराचार्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या, लग्नाचा मुहूर्त एकच, तोही निसटता. म्हणून घटिकापात्र लावलं. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. पाणी आत झिरपत जातं, वाटी भरून बुडाली की घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. मुलगी कुतूहलाने वाकून बघायला गेली आणि दागिन्यातला एक मोती वाटीत पडला. भोक बुजलं. वाटी तरंगत राहिली. सगळे तिच्याकडे पाहत थांबले, आणि मुहूर्त गेला.

गोष्ट खरी नसेलही. पण ज्याने ती रचली त्याला यंत्रं ठाऊक होती. वाटी मोडली नव्हती. पाणी होतं, भोक होतं, माणसं लक्ष ठेवून होती. फक्त लक्ष वाटीवर होतं, वेळेवर नव्हतं.

माझ्या टाकीतला मोती म्हणजे गोगलगाय. उडालेल्या पाण्याची भरपाई करायला फ्लोट असतो, पाणी खाली गेलं की तो खाली येतो आणि गोड्या पाण्याचा पंप सुरू होतो. आरओच्या यंत्रात असतो तसलाच, चिमुकला. प्रवाळ पाळणाऱ्यांच्या जगात हे सर्वांना ठाऊक आहे की गोगलगाय रात्री चढत चढत नेमकी त्या फ्लोटवर जाऊन बसते. फ्लोट खाली दबलेला राहतो. पंप समजतो, पाणी कमी आहे. तो भरत राहतो. समुद्र गोडा होत जातो आणि फ्लोट शपथेवर सांगत असतो, अजून कमी आहे, अजून.

काकांनी यावर केलं ते कारखान्यातलं. पहिल्या फ्लोटच्या वर दुसरा फ्लोट, तो उचलला गेला की पहिल्याचं ऐकायचंच नाही. शिडीत एक टायमर, पंप सलग ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चालला तर बंद आणि बझर. हीटरलाही एकामागे एक दोन थर्मोस्टॅट, कारण रिलेचे कॉन्टॅक्ट कधीतरी चिकटतात आणि मग हीटर थांबतच नाही. एक चिकटला तर दुसरा सोडतो. भिंतीतल्या बोर्डात ३० मिलिअँपिअरला उडणारा आरसीसीबी, कारण खारं पाणी आणि वीज यांच्यामध्ये हात आपला असतो. आणि शेवटचा उपाय सगळ्यांत साधा. गोड्या पाण्याची बादली मोठी होती, ती काढून त्यांनी लहान ठेवली.

"सगळे फ्लोट चिकटले, टायमरही गेला, तर?" ते म्हणाले. "तर बादलीच रिकामी होईल. तेवढ्या पाण्याने तुझा समुद्र मरायचा नाही."

यंत्र चुकणार हे गृहीत धरायचं आणि चूक किती मोठी होऊ शकते ते भांड्यानेच ठरवायचं. हे मला कोणत्याही सर्किटपेक्षा जास्त पटलं.

काकांचं ऐकताना मला ॲना थाइन आठवतात. १८४६ मध्ये या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळांचे छोटे जीव लंडनला नेले आणि घरात जगवले. तेव्हा पंप नव्हते. पाण्यात हवा मिसळायला ते उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहावं लागे, अर्धा-पाऊण तास, रोज. ते काम करायची घरची मोलकरीण. घरातल्या समुद्राचं पहिलं ऑटोमेशन म्हणजे दुसऱ्या बाईचे दंड! आज तिच्या जागी माझ्याकडे 'कन्व्हेयर' आहे, आणि ही प्रगतीच म्हणायची. पण रोज पाऊण तास ते पाणी ओतणाऱ्या बाईला पाण्याचा रंग दिसत असणार, वास कळत असणार, आज यातला एक मिटून बसलाय हे मालकिणीच्या आधी तिला कळत असणार. ते काम कन्व्हेयरकडे आलेलं नाही. ते कोणाकडेच आलेलं नाही.

कधी कधी या सगळ्या खटाटोपाची लाजही वाटते. माझ्या दिवाणखान्यात पाव अंशाच्या फरकावर पंखे फिरतात, आणि बाहेरच्या समुद्राला थर्मोस्टॅट नाही. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी अंश-दीड अंशाने काही आठवडे तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं विरंजन जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. महाराष्ट्राला प्रवाळ आहेत हेच आपल्याला ठाऊक नसतं. मालवणला आहेत. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजींचं नाव मिरवणाऱ्या आंग्रिया बँकेच्या बुडालेल्या पठारावर आहेत. मुंबईत, हाजी अलीच्या खडकांवरसुद्धा आहेत. २०२० मध्ये सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी तिथले आणि वरळीचे प्रवाळ काढून दुसरीकडे हलवण्यात आले. मुंबईच्या त्या गढूळ, तेलकट पाण्यात, कसलाही कंट्रोलर नसताना ते आपले वाढत होते. माझ्या टाकीतल्या लाडावलेल्या मंडळींना तिथे तासभरही निभावलं नसतं. म्हणून टाकी ठेवणं म्हणजे समुद्र वाचवणं, असा आव मी आणत नाही. फार तर एवढं, की समुद्राचं काम किती असतं ते ती रोज हिशेबासकट दाखवते.

मागे रत्नागिरीला सासूबाईंच्या भाचीचं लग्न निघालं. घर बंद ठेवून जायचं म्हणून मी काकांच्या नातीसाठी कागदावर सूचना लिहिल्या. तापमान पाहणे, पाणी भरणे, दिवे, द्रावण, वीज गेली तर काय करायचं, सगळं क्रमवार. काकांनी कागद हातात घेतला आणि पेन्सिलीने एकेक ओळ खोडली. "हे यंत्र करतंय. हेही करतंय. हे तर फोन करून सांगतंय." खाणं घालण्याची ओळ तेवढी राहिली. तिच्याखाली त्यांनी स्वतः लिहिलं: संध्याकाळी थोडा वेळ टाकीसमोर बसणे.

"बसून काय करू?" नातीने विचारलं.

"काही नाही. बस."

हळदीच्या गडबडीत तिचा फोन आला. शेतातली मोटर बंद झाल्याचा निरोप नव्हता, बझर वाजला नव्हता, पॅनेलवर सगळे हिरवे दिवे. "मावशी, बाकी सगळं नीट आहे," ती म्हणाली, "पण पाणी आज वेगळ्या आवाजात पडतंय." काका वर गेले. टाकीतून खाली उतरणाऱ्या पाइपच्या तोंडाशी शेवाळाचा गुंता बसला होता, पाणी अर्ध्या वाटेने गुरगुरत जात होतं. रात्रभरात ते काठावरून जमिनीवर आलं असतं. आमच्या पॅनेलला तापमान कळतं, पातळी कळते, वीज कळते. आवाज कळत नाही, कारण आवाज ऐकायला हवा हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं.

परत आल्यावर काका उत्साहात होते. पाइपच्या तोंडाशी आणखी एक फ्लोट बसवता येईल, शिडीत एक पायरी वाढेल, चिठ्ठी कोणती लावायची तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं: 'ड्रेन जाम'. तो फ्लोट आता बसलाय आणि चोख काम करतो. नात अजूनही संध्याकाळी येते, कारण तिचं येणं बंद करू नका असं मी काकांना बजावून सांगितलं आहे. कोणता सेन्सर कमी आहे हे सांगणारा सेन्सर लिंक रोडवर किलोनेसुद्धा मिळत नाही.